मासळीचा भाव

मासळी घेताना तू जरा लांब उभा राहा,
असं मी पहिल्या वर्षी सांगायचे.
माशेलच्या बाजारात, सायकलच्या दुकानामागे,
जिथून रेमेदिनला तुझे लालबुंद कान दिसणार नाहीत.
दिसले की बांगडे महागतात.

तू उभा राहायचास.
साडेसहा फुटांचा माणूस
टायरट्यूबांमागे लपलेला, हातात कापडी पिशवी,
आणि अख्खा बाजार तुझ्याकडे बघतोय.

व्हाउटर हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना.
वाटर, वावटर, एकदा तर वावटळ.
शेवटी उमाकांतबाप्पाने हुमणाचा हात चाटत निकाल दिला :
ह्याला आपण वामन म्हणूया.
हात धुवायला तू उठलास
आणि चौकटीवर कपाळ आपटलंस.
घर हसलं. अर्थ न कळता तूही हसलास.

रात्री मी तुला गोष्ट सांगितली,
बटू, बळी, तीन पावलं जमीन.
तू म्हणालास, मला तर इथे तेवढीही मिळत नाही.
फोंड्याचा कारकून दुपारीच बोलला होता,
कागद बाईंच्या नावावर करा,
ह्यांचं नाव घालता येत नाही.
मी गोष्ट अर्ध्यावर सोडली.

मला वाटलं होतं, मी परतेन आणि तू येशील.
क्रियापदं वेगवेगळ्या बॅगांत भरली होती मी.
पण सतरा वर्षांनी उतरले तर
माझी कोकणी जुन्या नाण्यांसारखी,
वाजते खणखणीत, घेत नाही कुणी.
चुलतबहीण म्हणाली, असं कोण बोलतं गं आता?
आणि तू सकाळी पोदेराच्या भोंग्याला दार उघडून
चार उंडे, दोन पोळ्यो मागत होतास
चुकीच्या लिंगात, चुकीच्या काळात,
आणि त्याला ते सगळं कळत होतं.

दर वर्षी पणजीला जाऊन सिद्ध करतो आपण
की आपण नवराबायको आहोत.
फोटो, विजेचं बिल, शेजाऱ्याची सही.
साहेब फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे,
जणू मीच कुणाच्या तरी व्हिसावर आले आहे.

एकदा तुला खाजनाच्या बांधावर नेलं.
ओहोटी होती. मानशीची लाकडी दारं
पाण्याच्याच रेट्याने उघडलेली,
शेतातलं पाणी नदीकडे निघालेलं.
तू उकिडवा बसलास,
इतका वेळ, की मला वाटलं, ऊन लागलं.
मग म्हणालास, आमचंही गाव असंच, समुद्राच्या खाली.
वादळाच्या रात्री आजोबा कंदील घेऊन
बांध ऐकायला जायचे.
बघायला नाही, ऐकायला.
लग्नाच्या अकरा वर्षांत हे तू सांगितलं नव्हतंस.
मीही कधी विचारलं नव्हतं,
तुझं गाव माझ्यासाठी नुसतंच थंड होतं.

परवा मला ताप होता, तू एकटा बाजारात गेलास.
शंभराला सात बांगडे आणलेस, वर मूठभर कोकम.
मला वाटलं, शिळे असतील.
कल्ले उघडून बघितले. लालभडक.

आज मी गेले.
रेमेदिन म्हणाली, शंभराक चार.
मी म्हटलं, माझ्या घोवाला सात दिलेस.
तिने मान वर केली, मला पायांपासून न्याहाळलं.
वामनाची बायल तूं? आनी खंयची गो तूं?
मी म्हटलं, हांगाचीच.
तिने तीन बांगडे वर टाकले,
पण विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

परतताना सायकलच्या दुकानामागे थांबले.
रबराचा वास, गंजलेल्या रिमा,
भिंतीवर तुझ्या खांद्याच्या उंचीला
गुळगुळीत झालेला चुना.
तिथे टेकून उभी राहिले थोडा वेळ.
इथून रेमेदिन दिसते.
तिच्यापुढे वाकलेल्या बायकांच्या पाठी दिसतात.
बांगडे दिसत नाहीत.